नवा फोन आणि आईंचा कान

फोनच्या पोटातली चिप जो माणूस बनवतो, त्याला स्वतःचा फोन उघडता येत नाही, हे मी शाळेत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सांगितलं तेव्हा सगळ्या बाया हसल्या. मी काही विनोद केला नव्हता. माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, चिपच्या कारखान्यात कामाला आहेत आणि त्यांचा फोन त्यांना खरोखरच ओळखत नाही. सतत हात धुऊन आणि दिवसभर दुहेरी हातमोज्यांत कोंडून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. फोनवर अंगठा टेकवला की तो म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. तोंड दाखवावं, तर कामाची पाळी संपवून आलेल्या माणसाच्या तोंडावर मास्कचे वळ उठलेले असतात. फोन म्हणतो, चेहरा जुळला नाही. मग भावोजी चष्मा काढतात, चष्मा लावतात, दिव्याखाली जाऊन उभे राहतात. ताई आतून विचारते, "झाली का ओळखपरेड?"

त्यांचा कारखाना म्हणजे खिडक्या नसलेला भलामोठा पांढरा डबा. आत जायचं तर आधी अंगावर वाऱ्याचे झोत घ्यायचे, मग डोळे सोडून बाकी सगळा माणूस पांढऱ्या झग्यात बांधायचा. पावडर नाही, अत्तर नाही, डोक्याला तेल नाही. भावोजी ज्या दालनात असतात तिथे कायम पिवळाच उजेड, कारण चिपच्या चकत्यांना जो लेप लावतात त्याला दुसरा उजेड सोसत नाही. त्या चकत्यांवर प्रकाशानं रेघा काढणारं एक मशीन आहे, आमच्या शाळेच्या बसएवढं. ते चालू ठेवायचं, बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधायचं, हे भावोजींचं काम. शोधायची रीत ठरलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं, मग पुढची. घाई करील तो गाढव. आणि धूळ म्हणजे तर सात जन्मांची वैरीण. आमच्याकडे आले तरी खुर्ची पुसून बसतात. सुरुवातीला मला राग यायचा, आता मी फडकं आधीच हातात देते.

या कारखान्याचा सगळा जीव ‘समोरच्यां’मध्ये अडकलेला. समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचे नव्हेत, ते समुद्रापलीकडच्या दुसऱ्या देशात. तेही चिपच बनवतात. रेघ जितकी बारीक तितकी चिप तल्लख, म्हणून त्यांनी ती बारीक केली की यांनी आणखी बारीक करायची, यांनी केली की त्यांनी. समोरच्यांनी काही जाहीर केलं की इकडे रजा रद्द, साहेबांची तोंडं वाकडी आणि कॅन्टीनमध्ये कुणी गेल्यासारखी शांतता. "यंदा त्यांना मागे टाकलंच पाहिजे," असं भावोजी जेवताना म्हणतात, जणू समोरच्यांनी यांच्या वडिलांची जमीन बळकावली आहे. मी एकदा विचारलं, "एवढी बारीक रेघ कुणासाठी हो? माझ्या वर्गातली पोरं त्या चिपवर रंगीत फुगे फोडत बसतात." ते त्यांना लागलं. ताटाकडे बघत म्हणाले, "तुला नाही कळायचं." मलाही कळून घ्यायचं नव्हतं.

आणि ती गुप्तता! फोन फाटकावरच्या कपाटात ठेवायचा. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. आतलं काही लिहून आणायचं नाही, फोटो नाही, कुणाचं बोलणं टिपायचं नाही. टिपलेलं सापडलं तर नोकरी गेली. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की घरात मुलाचा वाढदिवस असला तरी त्यांचा हात फोनकडे जात नाही. फोटो ताई काढते, आणि त्यांतही भावोजी कोपऱ्यात.

आता आईंबद्दल. आई म्हणजे ताईच्या सासूबाई, पण त्यांना सगळेच आई म्हणतात, मीही. त्यांचे कान जाऊन बरीच वर्षं झाली. मधली काही वर्षं तर फार वाईट गेली. घरात माणसं हसली की त्याही हसायच्या, पण एक क्षण उशिरा. मग भावोजींनी कानामागे बसणारं एक यंत्र आणलं. त्याची दोरी म्हणजे फोनमधलं एक ॲप. आवाज कमी-जास्त करायचा तर ॲप, फोनवरचं बोलणं थेट कानात घ्यायचं तर ॲप. यंत्राला स्वतःचं एकही बटण नव्हतं. आईंना ते जमलं. आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन सुरू झाला. या बहिणीला आम्ही मावशी म्हणतो, आई म्हणतात चिमी.

मावशी राहते दोन दिवसांच्या प्रवासावर. आईंच्या हृदयाला तो झेपत नाही. मावशीकडे साधा बटणांचा फोन. तिला ना फोटो पाठवता येत, ना निरोप. पण आवाज असा की विचारू नका. घोगरा, आणि ‘अगं’ म्हणताना वर चढून फुटायचा. त्या फुटलेल्या ‘अगं’ला आई हमखास हसायच्या. त्यात उशीर नसायचा.

एके सकाळी आईंच्या फोननं आपणहून अपडेट घेतलं. कुणी मागितलं होतं? कुणी नाही. नळाला पाणी यावं तसं ते आलं आणि कानाचं ॲप घेऊन गेलं. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘तुमचे उपकरण आता समर्थित नाही.’ ही कुठल्या देशाची मराठी, देव जाणे. नवं ॲप घ्यावं, तर ते या फोनवर चालत नाही, कारण फोनमधली चिप जुनी. ॲपशिवाय यंत्र आपलं एकाच आवाजावर अडकून बसलं, कानात बोळा घातल्यासारखं. आई सारखं विचारत होत्या, "काय झालंय?" आणि भावोजी ओरडून सांगत होते, "अपडेट!"

"ओरडतोयस ते दिसतंय मला," आई म्हणाल्या. "काय ओरडतोयस ते सांग."

त्याच आठवड्यात मावशीच्या मुलाचा फोन आला. मावशीच्या घशात गाठ होती. वाईटातली. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं होतं आणि त्यात गाठीबरोबर स्वरयंत्रच काढायचं होतं. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. पुढच्याच्या पुढच्या सोमवारी.

हे आईंना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या घरात आईंना थोडंफार ऐकू जातं ते माझंच. शाळेच्या मैदानावर कवायत घेऊन घेऊन माझा आवाज असा झालाय. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ओरडून सांगायची ती बातमी नव्हती, पण ओरडूनच सांगावी लागली. खालच्या मजल्यावरच्या बाईही काय झालं म्हणून वर आल्या.

आई बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चिमी परत बोलणार नाही. मग त्याआधी मला तिला नीट ऐकायचंय. बाकी तुम्ही मला काही देऊ नका." भावोजी म्हणाले, "आई, ते माझ्याकडे लागलं." आईंना ते ऐकू आलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

मग सुरू झाली भावोजींची रीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. फोन बंद, चालू. ॲप काढ, घाल. जुनं ॲप कुठून तरी शोधून आण. फोन म्हणाला, हे असुरक्षित आहे. यंत्राच्या कंपनीला फोन लावला तर ती कंपनी दुसऱ्या कंपनीनं गिळली होती आणि त्या दुसरीच्या फोनवर बाई आधीच भरून ठेवलेली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे ऐकू येत नसल्यास नऊ दाबा." मी म्हणाले, "ज्याला ऐकू येत नाही तो नऊ कसा दाबेल हो?" भावोजी म्हणाले, "मध्ये बोलू नकोस, माझा नंबर येईल." नंबर आला नाही, पाळीची वेळ आली. ते गेले, आणि पाळी संपेपर्यंत त्यांचा फोन फाटकावरच्या कपाटात.

रजा मागितली होती त्यांनी. पण त्याच सुमारास समोरच्यांनी नवी बारीक रेघ जाहीर केली. साहेब म्हणाले, आईंचं काय ते घरून कुणीतरी बघेल, मशीन दुसरं कुणी बघणार नाही. भावोजींनी ऐकून घेतलं. मला त्यांचा एवढा राग आला की मी ताईला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला तोंड आहे की तिथेही मास्कच आहे?" ताई म्हणाली, "तू तुझ्या मुख्याध्यापकांना किती बोलतेस ते ठाऊक आहे मला." खरं होतं ते.

मग त्यांनी आईंसाठी सगळ्यात नवा फोन आणला, त्यांच्याच कारखान्याची चिप असलेला. डबा उघडताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या बापासारखा. नवं ॲप झटक्यात आलं. उघडलं. त्यानं आसपास यंत्र शोधलं आणि सांगितलं, हे यंत्र फार जुनं आहे. म्हणजे जुन्या फोनला नवं ॲप चालेना आणि नव्या ॲपला जुनं यंत्र. भावोजी खाली मान घालून हसले. मला ते हसू आवडलं नाही.

कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी धीर दिला. त्या म्हणाल्या, यंत्र तसं ठणठणीत आहे, माझ्याकडे जोडणीचं उपकरण आहे, शनिवारी आणा, आवाज वाढवून देते. फोनवरचं थेट नाही येणार, पण स्पीकरवर लावून कानाशी धरलं तर भागेल. आम्ही सुटलो असं वाटलं मला. आईंना सांगितलं तर त्यांनी माझ्या गालाला हात लावला.

शुक्रवारी भावोजी घरी आले. दमले होते, डोळे लाल. उद्या दवाखान्यात न्यायचं म्हणून यंत्र हातात घेऊन बसले, भिंग लावून बघितलं आणि त्यांना त्यावर मळ दिसला. आवाज आत जातो त्या बारीक जाळीवर. आता धूळ दिसल्यावर हा माणूस गप्प बसेल? कारखान्यात करतात तसं त्यांनी तंतू न सुटणारं कापड घेतलं, ते स्पिरिटमध्ये भिजवलं आणि ती जाळी पुसली. एकदा नाही, तीनतीनदा, कडेपासून मध्यापर्यंत, शिकवल्याप्रमाणे. काच असती, धातू असता, तर लखलखीत झाला असता. पण जाळीमागे एक पातळ पडदा होता आणि स्पिरिटनं तो विरघळला.

शनिवारी दवाखान्यातल्या बाईंनी यंत्र कानाला लावून बघितलं, मग भावोजींकडे बघितलं. "कशानं पुसलंत?" त्यांनी विचारलं. भावोजींनी सांगितलं. "कोरड्या ब्रशनं पुसायचं असतं हो," त्या एवढंच म्हणाल्या. यंत्र मेलं होतं. दहा वर्षं ज्यानं कारखान्यात एक कण शिरू दिला नाही, त्यानं घरात ते मारलं. मी त्या दिवशी त्यांना टाकून बोलणार होते. पण दवाखान्याच्या पायरीवर ते आईंचा हात धरून उभे होते आणि आई त्यांना विचारत होत्या, "झालं का रे? कधी घालायचं?" मी पुढे होऊन रिक्षा बोलावली.

नवं यंत्र मागवलं. मिळायला काही आठवडे. का, तर म्हणे चिप नाहीत. मला हे पटेना. "चिपच्या कारखान्याच्या सावलीत राहतो आपण, आणि चिप नाहीत?"

भावोजी म्हणाले, "कानाच्या यंत्राला आमची चिप लागत नाही. जुन्या पद्धतीची लागते, जाड रेघेची. ती आता फार कुणी बनवत नाही."

"का?"

"कमाई नाही तिच्यात, नावही नाही. सगळे बारीककडे धावलेत."

"तुमच्याकडे होती ना जुन्या चिपची लाइन?"

"होती. गेल्या वर्षी काढली, नवीन मशीनला जागा हवी होती." मग म्हणाले, "मीच खोलली ती. पेढे वाटावेत तशा खुशीत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या." धाव धाव धावायचं आणि शेवटी आपल्याच घराच्या उंबऱ्याला ठेचकाळायचं. राग आला, पण कुणाच्या नावानं काढावा ते कळेना. साहेबाच्या? समोरच्यांच्या? समोरही कुणी माझ्या भावोजींसारखाच असेल, आणि त्याचीही कुणी आई असेल.

रविवारी संध्याकाळी मावशीला शेवटचा फोन लावला. नवा फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, स्पीकर पूर्ण सोडला. भावोजी पाळीवरून धावत आले होते. आई टेबलाला चिकटून बसल्या, ताई त्यांच्या पाठीमागे खांद्यावर हात ठेवून. आणि मी आईंच्या कानाशी, कारण ठरलं होतं की मावशी बोलेल आणि मी ते मोठ्यानं पुन्हा म्हणेन.

मावशीला आमच्या भानगडी माहीत होत्या. पण तिला जे बोलायचं होतं ते ती बोललीच. लहानपणी दोघींनी शेजारणीची कोंबडी लपवली होती, ते. आईंचं लग्न झालं त्या दिवशी मावशी माळ्यावर जाऊन बसली होती, ते. मध्ये हसली, खोकली, पुन्हा हसली. ‘अगं’ म्हणाली, तसंच, वर चढून फुटलेलं. मी एकेक वाक्य घेत होते आणि आईंच्या कानात ओरडत होते, "कोंबडी! लपवली होती! आठवतंय का!" आई माझ्या ओठांकडे बघून मान हलवत होत्या. मावशी अर्ध्यात रडायला लागली आणि मला काही सुचेना, रडणं कसं ओरडून सांगायचं? आईंनी मग माझ्याकडे बघणंच सोडलं. त्यांनी पंजा फोनवर ठेवला. मावशी बोलली की फोन थरथरायचा.

"हाताला लागतेय ती," आई म्हणाल्या.

हात तसाच ठेवून त्या बसल्या, फोन बंद होईपर्यंत. मी ओरडणं थांबवलं होतं, कुणी मला थांबवल्याशिवायच.

सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मावशी जगली, तिच्या मुलानं सांगितलं, खायलाही लागली. आम्ही सगळ्यांनी देवाला हात जोडले आणि ते मनापासून होते.

नवं यंत्र आलं तेव्हा भावोजींना सुट्टी होती. समोरच्यांना मागे टाकल्याबद्दल साहेबांनी सगळ्यांना दिली होती. दवाखान्यातल्या बाई स्वतः घरी आल्या. यंत्र नव्या फोनला एका झटक्यात जोडलं गेलं. बाईंनी आवाज हळूहळू वर नेला आणि आई एकदम दचकल्या. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, तो त्यांना ऐकू आला. पंखा ऐकू आला. मी म्हणाले, "आई, माझं येतंय का?" आणि त्या म्हणाल्या, "केवढ्यानं बोलतेस गं बाई!" सगळे हसले आणि आईही हसल्या, आमच्याबरोबर, त्याच क्षणी. ताईनं डोळ्यांना पदर लावला. भावोजी तर नुसते उभे होते, हात कुठे ठेवावेत ते न कळून. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर समाधान बघत होते मी. म्हटलं, चला, एवढं तरी झालं.

आई खुर्चीत नीट सरसावून बसल्या. पदर सारखा केला. फोन त्यांच्यासमोर टेबलावरच होता.

"आता लाव," त्या भावोजींना म्हणाल्या.

"काय लावू, आई?"

"चिमीचं. त्या दिवशी बोलली ना ती, कोंबडीचं नि सगळं. ते लाव आता, नीट ऐकते मी."

मी भावोजींकडे बघितलं, त्यांनी ताईकडे, ताईनं माझ्याकडे. त्या दिवशी टेबलाभोवती आईंखेरीज आम्ही तिघं होतो, तिघांकडे तीन फोन. बोलणं टिपायचं एक बटण दाबायचं होतं. ते या फोनमध्ये आहे, माझ्या साध्या फोनमध्येही आहे, पोरंसोरंही दाबतात. कान दुरुस्त करायच्या नादात आवाज धरून ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"फोन सगळं ठेवतो ना?" आई म्हणाल्या. "परवा त्यानं आपलं आपणच नातवाचं बारसं काढून दाखवलं मला. तसंच असेल."

भावोजींनी फोन उचलला. ते काहीतरी उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. त्यात काही नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. दवाखान्यातल्या बाईंनी आपली पिशवी आवरायला घेतली. आई कान देऊन बसल्या होत्या. त्यांना आता सगळंच ऐकू येत होतं, काचेवर आपटणारं भावोजींचं बोटसुद्धा.

"नुसतं टकटक काय करतोयस?" त्या म्हणाल्या. "लाव ना."